कोड लावला म्हणजे कागद दिला असं होत नाही

तो फलक मीच छापला होता. चार फूट बाय तीन फूट, पांढऱ्यावर निळी अक्षरं, मधोमध मोठा क्यूआर कोड आणि खाली एकच ओळ: ‘मसुदा वाचण्यासाठी स्कॅन करा.’ काम एका सरकारी कार्यालयाचं होतं. आमच्या भागातल्या रस्त्यांवर भाजी-फळं विकणाऱ्यांच्या जागा नव्याने ठरवायच्या होत्या. त्याचा मसुदा तयार झाला होता आणि हरकती ऐकायला सुनावणी ठेवली होती. मी सोलापुरातल्या साखर पेठेत बावीस वर्षं डीटीपी आणि छपाईचं काम करतो. कोड ठळक उमटेल, उन्हात चकाकणार नाही, चारी बाजूंनी पुरेशी पांढरी जागा सुटेल, हे सगळं मी बघितलं आणि काम वेळेत पोचवलं.

सुनावणीला मीही गेलो. प्रश्न माझ्या दुकानासमोरच्याच रस्त्याचा होता. मांडवात शे-दीडशे माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. फलक दाराशी उभा होता. टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या, हजेरीचं रजिस्टर होतं, माईक होता. मसुद्याची छापील प्रत मात्र एकही नव्हती. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की मसुदा सर्वांना उपलब्ध करून दिलेला आहे, कोड बाहेर लावलेला आहे, आता ज्यांना हरकत घ्यायची त्यांनी नाव पुकारल्यावर पुढे यावं.

मी कोड स्कॅन केला. फाइल उघडायला परवानगी मागावी लागेल, असं फोनवर आलं. कोणाची परवानगी, ते लिहिलेलं नव्हतं. कोणीतरी धावपळ केली, पंधरा-वीस मिनिटांनी फाइल उघडली. चोपन्न पानं. कागदावर छापून, त्यावर सही-शिक्के मारून, परत स्कॅन केलेली. आडवे तक्ते उभ्या पानावर बसवलेले. बोटांनी मोठं करावं तर ओळीचं एक टोक दिसायचं आणि दुसरं पडद्याबाहेर जायचं. शेजारी मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मालक, माझं नाव कुठल्या रस्त्याला टाकलंय, तेवढं बघून सांगा की.” फाइलीत नाव टाकून शोधता येत नव्हतं, कारण त्यात अक्षरं नव्हतीच, पानांचे फोटो होते. मी एकेक पान सरकवत राहिलो. मधेच त्यांचं नाव पुकारलं. त्या उठून माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “अजून बघितलं नाही, बघून सांगते.”

रजिस्टरात नोंद झाली: ‘हरकत नाही.’

तो कारकून दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे दोनच रकाने होते आणि मावशींचं उत्तर त्यातल्या एकातही बसत नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. लोकांच्या पोटापाण्याशी, घराशी, पाण्याशी संबंधित असलेला कागद फक्त क्यूआर कोडातून देणं म्हणजे तो न देणंच आहे. कोड लावायला माझी हरकत नाही. कागदाऐवजी कोड लावायला आहे.

मी छपाईवाला आहे, तेव्हा कागद खपण्यात माझा फायदा आहे हे उघड आहे आणि वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवून माझं म्हणणं तपासावं. पण फलक छापण्यातही माझा फायदाच होता. उलट शंभर पानं झेरॉक्स काढण्यापेक्षा एका फलकात मला जास्त पैसे सुटले.

यावर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळालेलं उत्तर असं: “अहो, आता भाजीवालीच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड आहे. त्यांना कोड कळत नाही असं कसं म्हणता?” पहिल्यांदा ऐकताना पटतं. सोलापुरात मंगळवार बाजारात जा, नवी पेठेत जा, पाच रुपयांच्या कढीपत्त्यालाही कोड पुढे करतात. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, पहिल्या खेपेला दहा हजारांचं कर्ज आणि डिजिटल व्यवहार केले तर थोडा कॅशबॅक. त्यानंतर गाड्यागाड्यांवर कोड दिसू लागले. पण तो कोड कोण स्कॅन करतं? गिऱ्हाईक. विकणाऱ्या बाईने कोड दाखवायचा असतो, वाचायचा नसतो. तिच्या फोनकडे बघायचीही गरज पडू नये, म्हणून तर शेजारी तो बोलका डबा ठेवलेला असतो, पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा. मावशींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “फोन पोराकडं असतंय. डबा बोलतंय, तेवढं मला पुरतंय.” खातं मुलाच्या नावाने, कोड मुलाच्या नावाने, डबा गाडीवर. हातगाडीवर कोड आहे एवढ्यावरून तिच्या हातात चोपन्न पानं उघडणारा फोन आहे असं ठरवणं, म्हणजे दारावर पत्रपेटी आहे म्हणून घरातल्या सगळ्यांना वाचता येतं असं ठरवण्यासारखं आहे.

हा कोड कुठून आला, हे पाहिलं की चूक कुठे होते ते आणखी स्पष्ट होतं. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने तो तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर त्या काळी साध्या उभ्या रेघांचे बारकोड असायचे. त्यात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड आणि कामगाराला ते सगळे एकामागून एक वाचावे लागायचे. हारा यांना काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या खेळाच्या पटावरून चौकटींची कल्पना सुचली. कोपऱ्यांतले ते तीन मोठे चौकोन यंत्राला कोड चटकन सापडावा म्हणून असतात. कंपनीकडे पेटंट होतं, पण प्रमाणित स्वरूपात वापरणाऱ्यांवर तिने हक्क गाजवला नाही. म्हणून तो जगभर फुकट पसरला. मला त्या माणसांबद्दल खरोखर आदर आहे.

पण एक गोष्ट बघा. त्या कारखान्यात खोक्यावर कोड चिकटवणाराही कारखानाच होता आणि कामगाराच्या हातात वाचायचं यंत्र देणाराही कारखानाच. वाचता आलं नाही तर काम अडायचं कारखान्याचं. आपण सार्वजनिक कामात कोड उचलला, पण ती दुसरी बाजू तिथेच सोडून आलो. कोड आम्ही लावणार. यंत्र, नेट, चष्मा, डोळे, वेळ सगळं तुझं. वाचता आलं नाही तर अडणार तूच. फोनवर फाइल उघडली नाही म्हणून आजवर कुठल्या कार्यालयाची सुनावणी थांबली असेल, असं मला वाटत नाही.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला जपानलाही जायची गरज नाही. आपली चादर जकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावर विणली जाते. नक्षी कुठे असते? पुठ्ठ्यांना पाडलेल्या भोकांत. कुठे भोक, कुठे नाही, त्यावरून कुठला धागा वर जायचा ते माग ठरवतो आणि फूल उमटतं. तोही एक कोडच. पण दुकानात आपण गिऱ्हाईकाला भोकांचे पुठ्ठे देत नाही, चादर देतो. पुठ्ठा वाचायचा माग आपल्याकडे आहे, गिऱ्हाईकाकडे नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांना न सांगता कळत होतं.

कोडात नेमकं काय असतं, याबद्दलही गैरसमज आहे. बऱ्याच जणांना वाटतं की दस्तऐवज त्या चौकोनातच भरलेला आहे. तसं नाही. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात, म्हणजे १७७ बाय १७७ घरांच्या, २,९५३ बाइट मावतात; बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचं माप. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी यांचं चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘सोलापूर’ हा शब्द रोमनमध्ये सात बाइटांत बसतो, देवनागरीत एकवीस लागतात. म्हणजे कोडात मराठीची जास्तीत जास्त ९८४ चिन्हं. लग्नपत्रिकेचा मजकूर कसाबसा मावेल. आणि तेवढा गच्च कोड साध्या फोनला वाचताही येणार नाही. तेव्हा प्रत्यक्षात कोडात असतो तो फक्त पत्ता. दस्तऐवज दुसरीकडे कुठेतरी, कोणाच्या तरी खात्यात, कोणीतरी ठेवला तोपर्यंतच असतो.

हा ‘तोपर्यंत’ मला एकदा चांगलाच महागात पडला. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम होतं, बाराशे प्रती. जुने अहवाल आणि फोटो कोडातून पाहता येतील असं ठरलं. मी इंटरनेटवर एका फुकट सेवेतून कोड बनवला. छापण्याआधी चार फोनांवर तपासला, उत्तम चालला. ती सेवा कोडात आपला मधला पत्ता घालते आणि तिथून पुढे पाठवते, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. काही दिवसांनी मुदत संपली आणि स्मरणिकेतला कोड उघडला की पैसे भरा असं पान यायला लागलं. बाराशे घरांत ते पुस्तक आहे. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या आठवणींच्या जागी पैशांची मागणी. मी माझ्या खर्चाने नवे स्टिकर छापून दिले, पण जी पुस्तकं गावोगावी गेली ती परत कशी आणणार? कोडाची गंमत अशी की तो स्वतः फार टणक असतो. खराब झालेला भाग वाचताना भरून निघावा अशी सोय कोडातच असते; तिचा सर्वांत वरचा दर्जा ठेवून बनवलेला कोड तीसेक टक्के झिजला, फाटला, डागाळला तरी वाचता येतो. कागद फाटला तरी कोड चालतो, पण मागचा पत्ता मेला की अगदी कोरा करकरीत कोडही मुका होतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते मला मोलाचं वाटतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यामागे कवितांचं ध्वनिमुद्रण, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टी, स्वाध्याय असं सगळं. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले, देशभर तो विचार गेला. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. सोलापूर जिल्ह्याने क्यूआर कोडाला जगात मान मिळवून दिला, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

पण तिथे कोड का चालला, हे नीट पाहिलं पाहिजे. कविता पुस्तकाच्या पानावर छापलेली होतीच. फोन नसला, नेट नसलं, तरी पोराला कविता वाचता येत होती. कोडाने तिच्यात आवाज घातला, कविता काढून घेतली नाही. आणि अडलं तर विचारायला गुरुजी समोर उभे होते. कल्पना करा की पुस्तकातलं पान कोरं ठेवून नुसता कोपऱ्यात चौकोन छापला असता आणि परीक्षेत विचारलं असतं की कविता का पाठ केली नाही. माझ्या फलकाने मावशींबरोबर नेमकं हेच केलं होतं.

आता कायद्याचं. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, त्यातलं कलम ४ आपण फार कमी वाचतो. अर्ज करून माहिती मागायची वेळच येऊ नये, कार्यालयाने आपणहून ती लोकांपुढे ठेवावी, असं ते कलम सांगतं. लोकांवर परिणाम करणारं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्याबद्दलची सगळी महत्त्वाची वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असंही त्यात आहे. आणि ती कशी पोचवायची? खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी संपर्काची पद्धत ध्यानात घेऊन. नोटीस बोर्ड, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट, कार्यालयात येऊन पाहण्याची सोय, असे सगळे मार्ग कायद्यानेच मोजून दाखवलेत. इंटरनेट त्यातला एक आहे, एकमेव नाही. साखर पेठेतल्या भाजीवाल्यांसाठी सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती, हे ठरवायला समिती नेमायची गरज नव्हती. एक सकाळ बाजारात उभं राहिलं असतं तरी कळलं असतं. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात तर नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्यात असं म्हटलंय. ज्या कायद्याने या बायकांना निर्णयाच्या टेबलावर जागा दिली, त्याच्याच अंमलबजावणीचा मसुदा त्यांना वाचता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

स्थानिक भाषा हा शब्दही सोलापुरात जपून वाचावा लागतो. आमच्या पूर्व भागात तेलुगू घराघरात आहे. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. बाजारात दखनी-उर्दू. मी एकाच आठवड्यात चार लिप्यांत पत्रकं बसवलेली आहेत. इथे कोडाचा खरा उपयोग होऊ शकतो, हे मी मनापासून मानतो. चार भाषांत चोपन्न पानं छापणं कुठल्याच कार्यालयाला परवडणार नाही, पण चार भाषांतल्या चार फाइली एका पत्त्यावर ठेवायला छपाईचा खर्च येत नाही. फक्त कोणीतरी ते भाषांतर करायला हवं. आजवर मी छापलेल्या एकाही सरकारी कोडामागे मला मराठीखेरीज दुसरी भाषा आढळली नाही. कोड ज्यासाठी उत्तम आहे ते काम त्याला कोणी देत नाही आणि ज्या कामाला तो अपुरा आहे त्यात त्याला जुंपतात.

दृष्टिहीन वाचकांचंही तसंच. माझ्या दुकानात एक मुलगा येतो, त्याला दिसत नाही. फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो आणि तो माझ्यापेक्षा जलद ‘वाचतो’. त्याच्यासाठी छापील कागद काही कामाचा नाही. नीट बनवलेली फाइल हा त्याचा खरा कागद. पण स्कॅन केलेल्या पानांचा फोटो त्याच्या फोनला वाचता येत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल वाचली तर अगम्य काहीतरी ऐकू येतं, कारण पडद्यावर ‘सोलापूर’ दिसत असलं तरी आत भलतीच अक्षरं असतात. आमच्या धंद्यात अजून ते फॉन्ट चालतात, मीही वापरतो, छपाईला ते सोयीचे पडतात. पण कोडामागे ठेवायची फाइल युनिकोडमध्येच असली पाहिजे, हा नियम मी आता स्वतःला घालून घेतला आहे. सही-शिक्क्याची स्कॅन प्रत हवी तर जोडीला ठेवा. वाचायची प्रत वेगळी द्या.

कागद वाचवण्याचा मुद्दा निघतोच. झाडं वाचतात, हे खरं. पण माझा तो फलक कशाचा होता? फ्लेक्सचा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा. बारा चौरस फूट प्लास्टिक छापून आपण म्हणतो की कागद वाचवला. दीडशे माणसांना प्रत्येकी एक पान, पाठपोट, दिलं तर दीडशे कागद लागतात, तीनशेही नाहीत. ते पान घरी जातं, पोरगा वाचतो, शेजारीण वाचते, आणि शेवटी रद्दीत जाऊन त्याचा पुठ्ठा होतो. फलकाचं पुढे काय होतं ते कुठल्याही ओढ्याकाठी बघायला मिळेल.

सभागृहातल्या भाषणांबद्दल थोडं. तिथे प्रश्न उपजीविकेचा नसतो, त्यामुळे माझा आग्रहही तेवढा कडक नाही. पण वक्ते शेवटच्या स्लाइडवर छोटा कोड दाखवतात, मागच्या रांगेतली माणसं फोन वर धरून उभी राहतात, आणि तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू होतं. कोड जितक्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या साधारण दहावा हिस्सा त्याची रुंदी लागते, हा छपाईतला ठोकताळा. पंधरा मीटर लांब बसलेल्या माणसासाठी पडद्यावर दीड मीटरचा कोड हवा. तेवढा कोण दाखवतो? त्यापेक्षा दाराशी प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढी चिठ्ठी द्यावी. कोड, त्याच्याखाली हाताने टाइप करता येईल असा छोटा पत्ता, कागदाचं नाव, तारीख आणि किती पानं आहेत तो आकडा. माणूस बसल्या जागी, घरी जाऊन, आठवड्याने कधीही उघडेल. यात खर्च नाममात्र आहे.

एक गोष्ट मात्र सभागृहात काय आणि कार्यालयात काय, मला अजिबात मान्य नाही. कोड उघडला की आधी नाव, मोबाइल नंबर, कधी जन्मतारीखसुद्धा मागणारा फॉर्म येतो आणि तो भरल्यावरच कागद मिळतो. माहिती अधिकारात रीतसर अर्ज करणाऱ्यालाही कारण सांगायची सक्ती नाही, आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे काही विचारता येत नाही. मग भिंतीवर लावलेला जाहीर कागद वाचायला माझा नंबर कशाला?

आणि खोट्या स्टिकरचा धोका आहेच. खऱ्या कोडावर दुसरा कोड चिकटवायला दोन सेकंद लागतात आणि डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही. म्हणून खाली पत्ता अक्षरांत छापलेला असणं गरजेचं आहे, उघडलेलं पान त्याच पत्त्याचं आहे ना ते ताडून बघता येतं. कागद वाचण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन लागत नाही. मागितला तर तिथेच थांबायचं. फसवणूक झालीच तर सायबर मदतीचा नंबर १९३० आहे. ज्या साली या शहराने मार्शल लॉ भोगला तो आकडा सोलापूरकराला वेगळा पाठ करावा लागत नाही.

सुनावणीनंतर आम्ही काय केलं ते सांगतो. पंचवीस-तीस विक्रेत्यांच्या सह्यांनी अर्ज दिला: मसुदा वाचायला मिळाला नाही, म्हणून ‘हरकत नाही’ अशी नोंद ग्राह्य धरू नये, दुसरी तारीख द्यावी. कार्यालयाने ती दिली. याचं श्रेय मी त्यांना देतो, कारण नाही म्हणणं त्यांना सहज शक्य होतं. मधल्या दिवसांत कॉलेजची दोन मुलं आणि मी बसून त्या चोपन्न पानांतली नावं टाइप केली. दोन संध्याकाळी गेल्या. त्यातून एक पान तयार झालं, पाठपोट: रस्त्याचं नाव, त्याखाली विक्रेत्यांची नावं, जागेची लांबी-रुंदी, बसायची वेळ. पुढे मराठी, मागे तेलुगू. खाली कोपऱ्यात लहानसा कोड, ज्याला पूर्ण मसुदा बघायचा त्याच्यासाठी. पूर्ण मसुद्याच्या दोन छापील प्रती चहाच्या टपरीवर दोरीने बांधून ठेवल्या. आमच्याकडे झेरॉक्सला पानाला दोन रुपये पडतात. एक प्रत एकशे आठ रुपयांची झाली.

त्या टपरीवर जे घडलं ते मला कुठल्याही कोडात बघायला मिळालं नसतं. माणसं प्रती चाळू लागली, एकमेकांना दाखवू लागली, वाद घालू लागली. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसऱ्याने वाचून दाखवलं. एकाच पानावर चौघांचं डोकं. फोनचा पडदा एकाच माणसापुरता असतो; कागद टेबलावर पसरला की तो सगळ्यांचा होतो. मसुद्यातल्या दोन चुका तिथेच सापडल्या, एक नाव दोनदा आलेलं आणि एक रस्ता चुकीच्या वॉर्डात घातलेला. कोणी वकील नव्हता, कोणी कार्यकर्ता नव्हता.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. शहरातल्या प्रत्येक जाहीर सुनावणीत, वॉर्डाच्या बैठकीत, गावच्या ग्रामसभेत, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या हातात आधी एक पान पडावं. टेबलावर पूर्ण प्रत असावी. एक माणूस बसलेला असावा, जो विचारलं तर पान काढून दाखवेल. त्यानंतर खुशाल कोड लावा, मोठा लावा, मी स्वतः तो नीट छापून देईन. पण या तीन गोष्टी नसतील तर रजिस्टरात ‘मसुदा उपलब्ध करून दिला’ असं लिहू नये, कारण ते खरं नसतं.

दुसऱ्या सुनावणीला मावशी आल्या तेव्हा ते पान त्यांनी चार घड्या घालून कनवटीला लावलं होतं. नाव पुकारल्यावर त्यांनी ते उलगडलं, मागच्या बाजूवरच्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि साहेबांपुढे धरलं. त्यांचं नाव पलीकडच्या रस्त्यावर टाकलेलं होतं, जिथे त्या आयुष्यात एक दिवसही बसलेल्या नाहीत. “मी अठरा वर्षं इकडं बसते,” त्या म्हणाल्या. “हरकत आहे माझी. लिवा.”

कारकुनाने लिहिलं.